जाळीबाई, बाबूजींना सांगा

मी एक जुनी सागवानी जाळी आहे. दोंडाईच्याच्या हस्तीमलशेठांच्या घरात, बैठक आणि माजघर यांच्या मधोमध, मी तेरा वर्षं उभी होते. साडेसहा फूट उंच, तीन पाखांची, म्हणजे तीन भाग जोडलेली, आणि अंगभर भोकं. भोकं म्हटलं की लोकांना हसू येतं. हसा बापडे! पण मित्रांनो, त्या भोकांतून किती वारा, किती उजेड आणि किती बोलणं इकडून तिकडे गेलं ते माझं मलाच ठाऊक आहे. तेच आज तुम्हाला सांगायला बसले आहे.

माझा जन्म एकोणीसशे एकसष्ट सालचा. त्या वर्षी शेठांच्या मुलाचं, सुरेशचंदचं, लग्न ठरलं. शेठांचा मिरचीचा व्यापार. रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे बैठक, बैठकीमागे माजघर, मग चौक, चौकाच्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि अगदी मागे परसाला लागून एक खोली, असं ते लांबच लांब घर होतं. बैठकीत दिवसभर माणसांची ये-जा. दलाल येत, शेतकरी येत, पाहुणे येत. नवी सून माजघरात वावरणार, आणि तिच्यावर परक्यांची नजर पडू द्यायची नाही, ही त्या घरची रीत. शेठांच्या पत्नी जतनबाई म्हणाल्या, "मध्ये भिंत घाला." शेठ म्हणाले, "भिंत घातली तर वैशाखात आत माणसं उकडून निघतील." दोघांचंही खरं होतं. म्हणून तोताराम मिस्तरीला बोलावणं गेलं.

तोताराम आला आणि दिवसभर नुसता बसून राहिला. हातात कापसाचा पुंजका. त्यातलं थोडं थोडं तो बोटांनी सोडायचा आणि ते कुठे तरंगत जातं ते बघत बसायचा. सकाळी बैठकीत बसला, दुपारी माजघरात बसला, तिन्हीसांजेला पुन्हा बैठकीत. शेठांचा पारा चढला. ते म्हणाले, "तोताराम, तुला कामाला बोलावलंय की आराम करायला?"

"शेठ, वारा कथाईन येस ते दखी ऱ्हायनू," तोताराम म्हणाला. वारा कोणत्या अंगाने येतो ते कळल्याशिवाय तो लाकडाला हात लावणार नव्हता.

मग त्याने नवापूरकडचा साग आणला आणि एका फळीवर नमुना कोरला. आपली बायको ताईबाई हिला त्याने फळीच्या मागे अंधारात बसवलं आणि स्वतः पुढे उजेडात बसला. तिला तो दिसायला हवा, त्याला ती दिसता कामा नये, असा त्याचा हिशेब. भोक कधी मोठं करून बघितलं, कधी लहान. अखेर ताईबाई आतून म्हणाली, "आते दिसतस तुम्ही. पन दखाजोगं काय शे तठे?" बघण्याजोगं आहेच काय, या टोमण्यावर तोताराम हसला आणि त्याच मापाने त्याने मला कोरायला घेतलं.

माझी सारी करामत तुम्हाला सांगून टाकते. बैठकीतली माणसं गादीवर बसतात, तेव्हा त्यांची नजर जिथे येते तिथे माझी भोकं हरभऱ्याएवढी. खाली पायांशी जरा मोठी, म्हणजे गार वारा आत शिरावा. डोक्यावर चांगली सुपारीएवढी, म्हणजे तापलेली हवा बाहेर पडावी. बैठक रस्त्याच्या बाजूला असल्याने उजळ, माजघर अंधारं. अंधारात बसलेल्याला उजेडातलं सगळं दिसतं, उजेडातल्याला मात्र अंधारातलं काही दिसत नाही. माझं सगळं चालत होतं ते एवढ्यावरच.

मला उभं केलं त्या दिवसापासून घराची चर्याच बदलली. बैठकीतली माणसं उगाचच हळू बोलायला लागली. माजघरात दुपारी जमिनीवर माझ्या नक्षीची सावली पडे, तिथे गारवा वाटे. आलेला पाहुणा आधी माझ्याकडे बघे आणि मग शेठांना रामराम करी. सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने तर तोतारामकडून हुबेहूब माझ्यासारखी जाळी करवून घेतली. तोतारामने सांगून बघितलं होतं की तुमच्या घरात वारा उलट्या अंगाने येतो, तिथे ही चालायची नाही. पण ऐकतो कोण? ती बिचारी तिथे नुसतीच शोभेला उभी राहिली, आणि आतली माणसं पंख्याने वारा घेत बसली. मी त्या वेळी, खोटं कशाला बोलू, फार चढून गेले होते.

मग लग्न झालं आणि राजकुंवर आली. सतरा वर्षांची, जामनेरची. तिच्या माहेरी मोठा ओटा होता, आणि त्या ओट्यावर ती दिवसभर बडबडत असायची, असं पाठराखीण म्हणून आलेल्या मावशीने सांगितलं होतं. इथे आल्यावर तिची बडबड बंद झाली. मित्रांनो, त्या घरात सून सासऱ्यासमोर चेहरा झाकून वावरे आणि सासऱ्याशी अवाक्षर बोलत नसे. काही सांगायचं तर सासूकरवी, नाहीतर एखाद्या लहान मुलाकरवी. कोणी रागावून केलेला हा नियम नव्हता. सगळ्यांच्याच घरी तसं होतं, म्हणून त्यांच्याही घरी होतं. राजकुंवर माझ्यामागे बसून धान्य निवडे आणि बैठकीतल्या गप्पा ऐके. कधी कधी एखाद्या गप्पेवर तिला हसू फुटे. ते ती पदरात दाबी.

असं सहा महिने चाललं. चातुर्मासात जतनबाई रोज दुपारी जैन स्थानकात साधूंच्या प्रवचनाला जात. एका दुपारी शेठ बैठकीत एकटेच होते आणि त्यांचा चष्मा सापडत नव्हता. त्यांनी गादी उचलून बघितली. तक्क्यांमागे बघितलं. कोटाचे खिसे चाचपले. हळूहळू त्यांचा जीव कासावीस झाला. चष्मा त्यांनी कुठे ठेवला ते राजकुंवरने इकडून स्वच्छ पाहिलं होतं. पण सांगणार कोणाला? घरात दुसरं कोणी नव्हतं. ती उठली, बसली, पुन्हा उठली. मग माझ्याजवळ तोंड आणून अगदी हळू म्हणाली, "जाळीबाई, बाबूजींना सांगा, चष्मा पंचांगात खूण म्हणून ठेवलाय."

शेठ जागच्या जागी थबकले. त्यांनी पंचांग उघडलं. चष्मा होता. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी पंचांग मिटलं. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. मग घसा खाकरून म्हणाले, "जाळीबाई, बिनणीला सांगा, सापडला."

बिनणी म्हणजे सून. त्या घरात मारवाडी बोलत. मी तुम्हाला मराठीत सांगते आहे. मला मारवाडी, मराठी आणि अहिराणी, तिन्ही कळतात. दोंडाईच्यात राहून न कळायला झालंय काय!

त्या दिवसापासून माझ्या तोंडी बोलणं सुरू झालं. "जाळीबाई, बाबूजींना सांगा, दूध गार होतंय." "जाळीबाई, बिनणीला सांगा, आज पाहुणे दोन वाढलेत." दोघांनीही नियम मोडला नव्हता. सून जाळीशी बोलत होती आणि सासरा जाळीशी बोलत होता. मग यात कोणाचं काय बिघडलं? तरीही दोघं जपून असत. दुसरं माणूस घरात आलं की दोन्ही बाजू गप्प. सुरेशचंद तर दिवसभर दुकानात. त्याच्या कानावर हे कधी गेलंच नाही.

वर्षं गेली. राजकुंवरला मुलगी झाली, विमल. ती बोलायला लागली तशी थोडे दिवस निरोपांचं काम तिच्याकडे गेलं. पण पोर खेळात रमली की निरोप वाटेतच सांडून जात, आणि पुढे ती शाळेत जाऊ लागली. एकोणीसशे सत्तर साली जतनबाई वारल्या. त्याच सुमारास शेठांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. धुळ्याच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि दृष्टी आणखी किती टिकेल ते सांगता येत नाही म्हणाले. शेठांनी दुकानात जाणं सोडलं. आता ते दिवसभर बैठकीत, माझ्याकडे तोंड करून बसत.

आगगाडीने येणारं वर्तमानपत्र दुपारी घरी पोचे. शेठ ते डोळ्यांशी नेऊन बघत आणि खाली ठेवत. दोन दिवस राजकुंवरने हे बघितलं. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या कडेच्या फटीतून वर्तमानपत्र हळूच आत ओढून घेतलं आणि माझ्याशी बसून म्हणाली, "जाळीबाई, ऐका. तापीला पूर आलाय." तिचं सातवीपर्यंत शिक्षण झालं होतं, हे शेठांना नऊ वर्षांत कळलं नव्हतं. सांगणार कोण होतं? ते चकित होऊन ऐकत राहिले. मग रोज दुपारी वाचन. शेठ बातम्यांशी भांडत, पुढाऱ्यांची खरडपट्टी काढत, आणि राजकुंवर इकडून म्हणे, "जाळीबाई, बाबूजींना सांगा, कालही त्यांनी पुढाऱ्यांना हेच सुनावलं होतं." मग दोन्हीकडून हसू. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात त्या दुपारींसारखं सुख मला कधी मिळालं नाही.

पण घरात बदल व्हायचेच होते. सुरेशचंद कामानिमित्त जळगावला जाई. तिथे एका स्नेह्याचं नवं घर त्याने बघितलं आणि तो हरखून गेला. मोठा हॉल, रेक्झिनचा सोफा, भिंतींना ऑइलपेंट, टेबलाला चकचकीत सनमायका. परत आला तो माजघरात ट्यूबलाइट घेऊनच. म्हणाला, "किती अंधारात राहायचं बायामाणसांनी?" मनाने तो चांगला होता. माणसाचा हेतू चांगला असला की तो कोणाला विचारत बसत नाही, एवढाच त्याचा दोष.

ट्यूबलाइट लागली आणि माझी विद्या संपली. सूर्यास्ताआधीची जेवणं आटोपली की बैठकीत माणसं जमत, आणि तेव्हाच माजघरात तो पांढरा उजेड पडे. आता उजेड आतल्या बाजूला होता. बैठकीतल्या माणसांना माझ्यातून राजकुंवर चांगली दिसू लागली. ती कणीक मळताना दिसे, विमलची वेणी घालताना दिसे. पाहुणे माना खाली घालत. राजकुंवर उठून स्वयंपाकघरात जाऊन बसे. मग सुरेशचंदने माझ्यावर फुलाफुलांचा जाड पडदा टाकला. पडद्याने वारा अडला. माजघर तापलं, बैठक कोंदट झाली, आणि लोक म्हणू लागले, "या जाळीमुळे घरात हवा खेळत नाही." तेरा वर्षं ज्या वाऱ्यासाठी मी उभी होते, त्याच्या आड येण्याचा ठपका माझ्यावर!

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सुरेशचंदने निकाल लावला. सकाळच्या चहाला तो राजकुंवरला म्हणाला, "ही जाळी काढून टाकू. बैठक आणि माजघर मिळून मोठा हॉल करू. तू किती दिवस अशी आडोशाला बसणार? आता मोकळी हो."

राजकुंवरने कपबशी खाली ठेवली. ती म्हणाली, "राहू द्या ना जाळी."

"का? काय अडलंय तुझं हिच्याशी?"

काय सांगणार होती ती? तेरा वर्षं मी सासऱ्याशी बोलते, असं? हसले असते लोक, नाहीतर आणखी काही म्हणाले असते. तिने कपबशी उचलून आत नेली. सुरेशचंदला वाटलं, संकोचली असेल. बैठकीत बसलेल्या शेठांनी हे सगळं ऐकलं. त्यांनाही तीच अडचण होती.

मला काढायला तोतारामच आला. त्याचे केस पिकले होते. त्याने माझ्यावरून हात फिरवला आणि सुरेशचंदला म्हणाला, "भाऊ, काढी देस मी. पन इचारी ल्या. जाळी काढी म्हनजे नुसतं लाकूड नही निंघत. घरनी बठ्ठी रीत बदलस."

"रीत बदलायचीच आहे, तोतारामभाऊ," सुरेशचंद म्हणाला.

तोतारामने माझी तीन पाखं वेगळी केली आणि परसात, छपराखाली नेऊन ठेवली. बाहेर हॉल झाला. हिरवा ऑइलपेंट, तपकिरी सोफा, छताला पंखा. हॉल मोठा होता, यात वाद नाही. पण तिथे बोललं की आवाज घुमे. सोफ्यावर शेठांचे पाय जमिनीला टेकत ना. त्यांना वाटे आपण दवाखान्यात नंबर लावून बसलो आहोत. आणि राजकुंवर? मोकळ्या हॉलमध्ये तिला लपायला कोपरा नव्हता, आणि सासऱ्यासमोर चेहरा उघडा टाकायला मन धजत नव्हतं. ती पदर ओढून भराभर हॉल ओलांडे आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेई. जिला मोकळं करायचं म्हणून एवढा खटाटोप केला, ती आता दाराआड गेली. दोन महिन्यांनी शेठच म्हणाले, "मला मागची खोली द्या." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला शांतता हवी.

ती खोली परसाला लागून. म्हणजे माझ्या जवळच. माझी तेव्हाची अवस्था काय सांगू? मला छपराखालून काढून उन्हात दोन पिंपांवर आडवी टाकली होती आणि माझ्यावर घरच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. जिच्याकडे बघून पाहुणे आधी रामराम विसरत, तिच्या भोकाभोकांत लाल भुकटी बसली. पण मित्रांनो, मला स्वतःचं तेवढं वाईट वाटलं नाही. मला खिडकीतून शेठ दिसत. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसत. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळे. ताट येई, तसंच परत जाई. विमल शाळेतून आली की विचारी, "दादाजी, जेवला का?" ते म्हणत, "भूक नाही गं." डॉक्टर येऊन गेले, नाडी चांगली आहे म्हणाले. सुरेशचंदने नवा रेडिओ आणून उशाशी ठेवला. शेठांनी तो एकदा लावला आणि बंद केला. रेडिओ आपलंच बोलतो, शेठांनी काही म्हटलं तर त्याला ऐकू येत नाही.

भांडी घासायला येणाऱ्या मंजुळाबाईने एक दिवस राजकुंवरला स्पष्टच सांगितलं, "ओ बिनणी, म्हतारा बठ्ठा दिन भितकडे तोंड करीसन बठस. हाई काय जगाना लक्षन नही."

राजकुंवरने त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून डोळ्यांना पदर लावला. मी बघितलं. दुपारी घर सामसूम झालं. सुरेशचंद दुकानात, विमल शाळेत. राजकुंवर वर्तमानपत्र काखेत घेऊन परसात आली. तिने माझ्यावरच्या मिरच्या टोपलीत भरल्या. मग माझं एक पाख दोन्ही हातांनी उचललं. जड होतं ते. तिने ते परसातून अर्धं ओढत, अर्धं उचलत शेठांच्या खोलीच्या दारात आणून उभं केलं. धापा टाकत माझ्यामागे उंबऱ्याबाहेर बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "जाळीबाई, बाबूजींना सांगा..."

पुढे तिला बोलता येईना. माझ्या अंगावरची मिरचीची भुकटी हलली होती. तिला शिंक आली. दुसरी आली. तिसरी आली. आतून शेठांनाही एक दणदणीत शिंक आली. चार महिन्यांत त्या खोलीत एवढा मोठा आवाज झाला नव्हता. दोघं शिंकत राहिली आणि मग, थांबवता थांबवता, दोघांना हसू फुटलं.

शेठ खाटेवरून उतरले. भिंत चाचपत दारापर्यंत आले. त्यांनी हात पुढे करून मला ओळखलं. माझ्या भोकांवरून बोटं फिरवली. मग म्हणाले, "बिनणी."

मध्ये मी होते, पण हे माझ्याकरवी नव्हतं. राजकुंवर एकदम सावरून बसली.

"बिनणी, ही जाळी बाजूला कर. मला आता काहीच दिसत नाही. तू चेहरा झाकलास काय आणि उघडा ठेवलास काय. ज्याला दिसत नाही त्याच्यापासून आपण इतके दिवस लपवत बसलो. वेडेच आहोत. मला तुझा आवाज पाहिजे. जाळीला सांगू नकोस. मला सांग."

तेरा वर्षांची सवय, ती अशी एका वाक्याने कशी सुटणार? मग तिने मला उचललं आणि भिंतीला टेकून ठेवलं. डोक्यावरचा पदर तसाच राहू दिला, तोंडावरचा मात्र मागे सारला.

"बाबूजी," ती म्हणाली. वर्तमानपत्र मांडीवर उघडलं. मग म्हणाली, "बाबूजी, तुम्ही जेवत का नाही?"

"जेवतो," शेठ म्हणाले. "तू वाच. मी जेवतो."

ती ताट घेऊन आली. शेठ जेवले, ती वाचत राहिली. मी भिंतीला टेकून ऐकत होते. दोघांपैकी कोणीही माझं नाव घेतलं नाही.

त्याच वेळी सुरेशचंद कसलं तरी पोतं बघायला परसात आला आणि दारातच खिळून उभा राहिला. बायको त्याच्या वडिलांना वाचून दाखवते आहे, वडील तिच्याशी वाद घालत भाकरी मोडताहेत, हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. राजकुंवर चपापून उठू लागली. शेठ म्हणाले, "बस तू. सुरेश आला ना? पावलं ओळखतो मी." मग त्याच्याकडे मान वळवून म्हणाले, "तुझा हॉल चांगला झाला असेल. मला दिसत नाही. पण घरातली माणसं कुठे बसून एकमेकांशी बोलतात, ते तरी बघायचं होतंस."

"बाबूजी, मी हिच्यासाठीच केलं सगळं," सुरेशचंद म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "हिला मोकळं वाटावं म्हणून."

"हिला विचारलंस?"

सुरेशचंदने राजकुंवरकडे बघितलं. मग भिंतीला टेकलेल्या माझ्याकडे बघितलं. लाल भुकटीने माखलेली मी त्याला कशी दिसले असेन कोण जाणे. तो म्हणाला, "नाही विचारलं. आता विचारतो. तुला काय हवं, सांग. जाळी परत बसवायची का? तोतारामला उद्याच बोलावतो."

मित्रांनो, मी श्वास रोखला. माझी जागा, माझा वारा, माझ्या दुपारी, सगळं एका शब्दावर आलं होतं. राजकुंवर माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत माया होती. ती मला आजही आठवते.

"नको," ती म्हणाली. "जाळी नको. मला बाबूजींच्या खोलीत बसायला एक खुर्ची द्या. उंबऱ्याबाहेर नको. आत."

खुर्ची आली. वेताची होती, हलकी, आणि शेठांच्या खाटेशी ठेवली गेली. त्या एका खुर्चीने ती मागची खोली घरातली सगळ्यात चांगली जागा झाली. शाळेतून आली की विमल दप्तर हॉलमध्ये टाकून तिथेच धावत जाई. संध्याकाळी सुरेशचंदही येऊन खाटेच्या कडेला बसे. इकडे सोफा आपला एकटाच चकचकत राही. तोताराम येऊन सगळं बघून गेला. त्याने मला धुऊन, तेल लावून माझं एक पाख त्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला बसवलं. तिथे दुपारचं ऊन फार येत असे. बाकीची दोन पाखं विमलच्या पुस्तकांच्या कपाटाला दारं म्हणून लागली. शेठ त्यानंतर तीन वर्षं जगले, आणि जेवून, भांडून, हसून जगले.

मी अजून त्याच खिडकीत आहे. ऊन अडवते, वारा आत सोडते. माझ्यापुढे आता कोणी लपत नाही, आणि माझ्याकरवी कोणी निरोप पाठवत नाही. तेरा वर्षं ती पोर माझ्याशी बोलत होती, असा माझा समज होता. खरं तर ती माझ्याशी कधीच बोलत नव्हती. हे कळायला मला भिंतीला टेकून बसावं लागलं.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, घरं बांधाल, सामान हलवाल, रंग लावाल. जरूर लावा. जुन्या वस्तू जपा असं मी म्हणणार होते, कारण आमच्यासारख्यांनी शेवटी तसंच म्हणायचं असतं. पण मी ते म्हणत नाही. तुमच्या घरात सगळ्यात कमी बोलणारं माणूस कोण आहे ते बघा. भिंत पाडण्याआधी, पडदा लावण्याआधी, त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, "तुला काय हवं?" उत्तर आलं की ते ऐका. एखादी वस्तू नको असं उत्तर आलं, तर त्या वस्तूला वाईट वाटेल म्हणून मागे हटू नका. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं, पण ते तुम्ही राजकुंवरला सांगू नका.